रडणाऱ्या बाईला एकटं सोडत नाहीत

‘रीच’ हा शब्द कुणी उच्चारला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. ‘आपला रीच वाढला पाहिजे’, ‘ग्रामीण भागात आपला रीच कमी पडतो’, ‘मॅडम, या वर्षीचा रीच काय?’ अर्धं आयुष्य मी हा शब्द ऐकला आणि खोटं कशाला बोलू, बैठकांमधून स्वतःही मिरवला. माझ्या पदाचं नाव चांगलं लांबलचक होतं. त्याचा अर्थ एवढाच, की ज्यांनी ऑपेरा मागितला नव्हता त्यांच्यापर्यंत तो नेऊन पोचवायचा.

ऑपेरा म्हणजे काय, हे मी इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता कंटाळा येतो. नाटक असतं, पण त्यात कुणी बोलत नाही. सगळं गाऊन सांगतात. भांडतात गाऊन, लग्न ठरवतात गाऊन आणि मरतातही गाऊनच. पुण्यातली आमची संस्था असले ऑपेरे मराठीत करायची. संस्थापकांच्या घरात पैसा होता, परदेशात गाणं शिकून आलेली मुलं होती आणि हौस तर उतू जात होती. फक्त समोर बसायला माणसं नव्हती. धाराशिवच्या कॉलेजातून बीए करून पुण्याला गेलेल्या माझ्यासारख्या मुलीला त्यांनी ठेवून घेतलं, कारण मला लोकांशी बोलता येत होतं आणि त्यांना येत नव्हतं. माझं ‘कुठं’ आणि ‘इथं’ ऐकून ते गालातल्या गालात हसायचे. शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन लावायची वेळ आली की मात्र रिसीव्हर माझ्याच हातात.

मला ते गाणं पहिल्या दिवसापासून आवडलं. का आवडलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. पुढं कळलं. आमच्याकडं बाया मयताला रडतात त्यात आणि या गाण्यात मला काहीतरी एकच ऐकू यायचं. गावात कुणी गेलं की बाई हेल काढून रडते. नुसती रडत नाही, गेलेल्याशी सुरात बोलते. ‘माझ्या वाघा, तू कुठं गेलास रं, बैल दावणीला हंबरायलेत रं,’ असं एकेक आठवत, लांबवत, श्वास पुरेल तितकं. बाहेरगावची बाई भेटायला आली की ती वेशीपासूनच हेल काढत येते आणि घरातली बाई तिला सुरात उत्तर देते. मग दोघी गळ्यात पडतात. एकीनं सूर धरला आणि दुसरी जवळच गेली नाही, असं होत नाही. भांडण असलं, बोलणं बंद असलं, तरी जायचं. मागनं वाटलं तर परत भांडायचं. रडणाऱ्या बाईला एकटं सोडत नाहीत, एवढं आमच्या गावातल्या लहान पोरीलासुद्धा ठाऊक असतं.

हे मी संस्थेत एकदा सांगितलं. दिग्दर्शक म्हणाले, “इंटरेस्टिंग,” आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

तर नोकरी. मी ऑपेरा नेला नाही अशी जागा शोधावी लागेल. साखर कारखान्याच्या सभागृहात नेला, आश्रमशाळेच्या पटांगणात नेला, बाजार समितीच्या गोदामात नेला. प्रत्येक ठिकाणी आधी सत्कार. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या पाहुण्यांचा सत्कार, सभागृह देणाऱ्याचा, जनरेटर देणाऱ्याचा, आणि ‘ज्यांचं नाव अनवधानानं राहिलं’ त्यांचा. फेटे, शाली, नारळ. गायक बिचारे गळा गरम करून आत उभे आणि बाहेर माइकवर आभाराचा सूर लागलेला. सत्कार उरकला की पहिली रांग उठायची. साहेबांना पुढचा कार्यक्रम असायचा आणि साहेबांच्या मागच्यांना साहेब असायचे. मग रिकाम्या सोफ्यांसमोर आमची नायिका प्राण सोडायची. पण फोटो सत्कारावेळचा असायचा, सोफे भरलेले, आणि अहवालात तोच जायचा. विश्वस्त खूश व्हायचे. मी त्याच अहवालांवर बढत्या घेत गेले.

माझ्या जिल्ह्यात मात्र कधी प्रयोग झाला नव्हता. दर वर्षी मी नाव सुचवायची आणि दर वर्षी ते मागं पडायचं. ‘तिकडं कोण बघणार?’ हे मला तोंडावर म्हणायचे हो, आणि मी तिकडचीच. शेवटी एका कंपनीनं ग्रामीण कार्यक्रमासाठी निधी दिला, तिला मराठवाडाच हवा होता, तेव्हा यांना माझा जिल्हा आठवला. मी वाशी निवडलं. तालुक्याचं गाव, मंगल कार्यालय ऐसपैस, आणि आमचं गाव येरमाळ्याच्या बाजूला, म्हणजे आईला येता येणार होतं. दुपारचा प्रयोग ठेवला, बायांना दिवेलागणीच्या आत घरी पोचता यावं म्हणून. सोयाबीन निघालेलं होतं, तुरी अजून उभ्या होत्या, त्या मधल्या दिवसांत माणसाला जरा उसंत असते.

माझा भाऊ जीप घेऊन आला. मागं आई आणि आईशेजारी काकू.

काकू म्हणजे माझी चुलती, आईची धाकटी जाऊ. दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या तरी मधल्या भिंतीतलं दार दोघींनी कधी बुजवू दिलं नाही. काकूचा एकुलता मुलगा पुण्याजवळ कारखान्यात होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो दवाखान्यात गेला तो गेलाच. प्रेत गावी आणू दिलं नाही. तिकडंच कुणीतरी उचललं, कुणीतरी जाळलं. इकडं काकूला फोनवर सांगितलं. तिनं अंगणात येऊन हेल काढला, पण समोर यायला बाईच नव्हती. शेजारच्या दारांना आतून कड्या. आईलासुद्धा तेव्हा ताप होता, तिला भावानं खोलीतून बाहेर पडू दिलं नाही. मधल्या दारापलीकडून आई ऐकत राहिली. काकू थोडा वेळ एकटीच रडली आणि गप्प झाली. पुढं सगळं मोकळं झाल्यावर बाया भेटायला आल्या, पण तोवर इतके दिवस उलटले होते की त्यांनी ‘झालं ते झालं, देवाची मर्जी’ म्हणत चहा घेतला. काकू त्यानंतर रडली नाही. चतकोर भाकरी खायची. कुणी विचारलं तर ‘पोट भरलंय’ म्हणायची. सून नातवाला घेऊन कळंबला माहेरी राहायला गेली, तो सुट्टीत यायचा तेव्हा काकू जरा बोलायची.

आई मला फोनवर एकच म्हणायची, “तिचं रडणं आत राहिलंय बघ. असंच राहिलं तर ती टिकायची न्हाय.” मी काय करणार होते? मी तिला एकदोनदा पुण्याला डॉक्टरकडं दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं काकू नुसती झोपायची.

प्रयोगाच्या दिवशी कार्यालयात आदल्या लग्नाच्या फुलांचा वास होता. मागच्या पडद्यावरची ‘शुभविवाह’ ही अक्षरं निघेनात, म्हणून त्यांवर आम्ही काळं कापड ओढलं. आमच्या गायिका नवरीच्या खोलीत तयार होत होत्या. दारात संस्थेनं एक बोर्ड लावला होता. कार्यक्रमाचं चित्रीकरण होणार असून आत येणाऱ्यांची त्याला संमती आहे असं समजण्यात येईल, असा मजकूर. इंग्रजीत. येणाऱ्या बाया त्याच्याकडं पाहून चपला तिथंच काढत होत्या, त्यांना वाटलं पाटीवर चपलांचंच काहीतरी लिहिलंय.

सत्कार यथासांग झाला. पहिली रांग यथासांग उठून गेली. दुसऱ्या रांगेत आई, काकू आणि आमच्या गावच्या चार बाया.

ऑपेराची गोष्ट साधी होती. आई नाही म्हणत असताना मुलगा लढाईवर जातो, मारला जातो, त्याचं प्रेत वेशीत आणून ठेवतात आणि आई त्याच्यापाशी बसून गाते. ते शेवटचं गाणं फार मोठं होतं. त्या वेळी रंगमंचावर गावकरी, शिपाई, बाया, सगळे असतात, पण दिग्दर्शकांनी त्यांना जागच्या जागी ताठ उभं केलेलं. आईचं एकटेपण ठसावं म्हणून. पुण्यात या योजनेचं फार कौतुक झालं होतं.

गायिका तरुण होती, लग्नही न झालेली, पण गळा जाणत्या बाईचा. तिनं गाणं सुरू केलं आणि कार्यालयात चुळबुळ थांबली. मी बाजूच्या दाराशी उभी राहून आईकडं बघत होते. आई काकूकडं बघत होती. काकू खुर्चीच्या कडेवर आलेली. ती ताठ उभ्या माणसांकडं बघायची, मग त्या रडणाऱ्या पोरीकडं, परत त्या माणसांकडं. असं दोनतीनदा झालं. मग ती उठली. पदर कमरेला खोचला आणि सरळ पायऱ्या चढून वर गेली.

वर जाता जाताच तिनं हेल काढला. “का गं माझे माय, एकटी का गं बसलीस,” असा. गायिकेचा सूर आणि काकूचा सूर क्षणभर एकमेकांवर आदळले. काकू खाली बसली, तिनं पोरीला गळ्याशी ओढलं आणि तिच्या लेकाला हाका मारता मारता स्वतःच्या लेकाला हाका मारायला लागली. तुझ्या डब्याला लोणचं घालायचं राहिलं रं, तुझ्या तोंडात पाणी सुदिक कुणी घातलं न्हाय रं. तोवर आई उठली होती. गावच्या बाया उठल्या. मागून ओळखीपाळखीच्या नसलेल्या कितीतरी उठल्या. वर गेलेल्या प्रत्येकीचं कुणी ना कुणी त्या दिवसांत असंच गेलेलं असणार. आमचे ताठ उभे राहिलेले शिपाई बावचळून मागं सरकले.

गायिका आधी घाबरली. मला तिचे डोळे दिसत होते. मग तिनं काय केलं, तर डोकं काकूच्या खांद्यावर टाकलं आणि शब्द सोडून नुसता सूर धरून ठेवला, हळू, बायांच्या खाली. वादकांपैकी व्हायोलिनवाली तेवढी वाजवत राहिली. दिग्दर्शक विंगेतून पडदा पाडा, पडदा पाडा म्हणून हात नाचवत होते. मी पडदेवाल्याचा हात धरला आणि म्हणाले, “पाडून तर बघा.”

माझ्या सगळ्या नोकरीत मी ऑपेरा कुणापर्यंत खरोखर पोचलेला पाहिला असेल तर तो त्या दुपारी. मला हुंदका आवरेना. आणि हे सांगायला मला आज लाज वाटत नाही, की मनात मी विश्वस्तांच्या नावानं चांगली कचकचीत शिवी हासडली.

नंतर चहा झाला. दिग्दर्शक काकूपाशी येऊन फार सभ्यपणे म्हणाले, “आजी, ते नाटक होतं हो. कुणी गेलं नव्हतं.”

काकूनं त्यांच्याकडं बघितलं. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा. म्हणाली, “आमाला काय कळंना व्हय ते सोंग हाय म्हणून? पर ती एकटीच रडायली की वं. एवढी माणसं नुसती हुबी. एक बाई बी जवळ जाईना तिच्या. बघवंना मला.” आणि मग जरा हसून, “तुमी बी उगं तसं ठेवू नका पोरीला.”

गायिका काकूच्या पाया पडली. आईनं तिला घरच्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. जीपमध्ये बसताना काकू मला म्हणाली, “माय, लई हलकं झालं बघ.” दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. काकूनं रात्री दोन भाकरी खाल्ल्या, वर दूधभात मागून घेतला. फोनवर आई रडत होती आणि हसत होती.

त्यानंतरचे थोडे दिवस फार चांगले गेले. एवढेच.

मग भावाचा फोन आला. “ताई, हे काय टाकलंय तुमच्या लोकांनी?” त्यानं पाठवलेला व्हिडिओ मी उघडला. संस्थेच्या पानावर होता. काकू खुर्चीतून उठते तिथून सुरू. पदर खोचते तिथं सिनेमातल्या मारामारीचा असतो तसला दणका. हेल काढते तिथं चेहरा जवळ आणलेला, उघडं तोंड, आणि ते तीनदा परत परत दाखवलेलं. खाली लिहिलं होतं, ‘ऑपेरा इतका खरा, की आजींनी स्टेजच गाठलं!’ आणि पुढं हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे ते पिवळे गोळे. लाखांनी लोकांनी बघितला होता. खालच्या शेऱ्यांमध्ये सगळा महाराष्ट्र खिदळत होता. ‘आजी ऑस्कर घेऊनच जाणार.’ ‘माझी सासू बिल आल्यावर.’

मी तशीच संस्थेच्या कार्यालयात गेले. समाजमाध्यमं बघणारी मुलं खुशीत होती, मला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, ती माझी चुलती आहे, तिचा मुलगा मेलाय आणि ती त्याच्यासाठी रडतेय.  त्या मुलांतली एक म्हणाली, “मॅम, पण आम्हाला कसं माहीत असणार?” खरं आहे. त्यांना कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं.

कार्यकारी विश्वस्तांनी मला बसवलं, पाणी दिलं. “तुमच्या भावना मी समजू शकतो,” म्हणाले. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला काहीच समजलेलं नसतं, हे मला तोवर चांगलं माहीत झालेलं. मी म्हणाले, व्हिडिओ काढा. ते म्हणाले, बघू. मी म्हणाले, आत्ता काढा. मग त्यांनी हात जुळवले आणि शांतपणे मला माझंच सगळं आयुष्य ऐकवलं. “मॅडम, असं बघा. इतकी वर्षं तुम्हीच सांगत होता ना, आपण सामान्य माणसापर्यंत गेलं पाहिजे? आज खेड्यापाड्यातली पोरं ‘ऑपेरा’ हा शब्द टाइप करून शोधतायत. एवढा रीच आपल्याला कधी मिळाला होता? हे तुमचं यश आहे. आणि कायदेशीर म्हणाल, तर दारात बोर्ड होता.”

“इंग्रजीत होता.”

“तो मुद्दा वेगळा.”

दिग्दर्शक शेजारी बसले होते. वाशीत पडदा पाडा म्हणून नाचणारे हेच. आता त्यांना त्यात काहीतरी मोठं सापडलं होतं. त्यांचं म्हणणं, की मुंबईच्या प्रयोगाला या बायांना आणावं, प्रेक्षकांत बसवावं आणि ठरलेल्या जागी त्यांनी उठून वर यावं. प्रवासखर्च, राहणं, मानधन सगळं देऊ. “प्रेक्षक आणि रंगमंच यांतली भिंतच पडेल,” म्हणाले.

मी म्हणाले, “घरात मयत नसताना आमच्याकडं हेल काढत नाहीत. अपशकुन मानतात. आणि तुम्ही त्यांना रोज संध्याकाळी साडेसहाला काढायला सांगताय.”

“पण वाशीत काढला की त्यांनी.”

या माणसाच्या गालात वाजवायची राहिली याचं मला आजही वाईट वाटतं. मी उठून आले. व्हिडिओ पुढं काढला त्यांनी, नाही असं नाही. एका विश्वस्तांच्या बायकोला तो कसासाच वाटला म्हणून काढला. तोवर तो हजार ठिकाणी पसरला होता आणि त्यावर संस्थेचं नावही उरलं नव्हतं. नुसती काकू उरली होती.

मी गावी गेले. येरमाळ्याला बसमधून उतरले तेव्हा स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर दोन पोरं एकाच फोनवर वाकून काहीतरी बघून हसत होती. ती तेच बघत होती का, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून फोनवर वाकलेलं कुणीही दिसलं की मला तेच वाटतं.

काकू मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून तूर निवडत होती. मी शेजारी बसले. काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवून आले होते, त्यातलं काही आठवेना. तिनंच विचारलं, “मला बघून लोकं हसायलेत म्हणं.”

“काकू, ते मूर्ख लोक आहेत. तुम्ही लक्ष देऊ नका.”

“म्या बघितलंय ते. पोरांनी दावलं.” ती निवडत राहिली. मग म्हणाली, “माझं तोंड किती वंगाळ दिसतंय गं रडताना. म्या काय कवा बघितलं होतं व्हय.”

मी तिचा हात धरायला गेले, तिनं सुपातला खडा वेचायच्या निमित्तानं तो सोडवून घेतला. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मी पायावर डोकं ठेवलं असतं. नंतर आईनं सांगितलं, शाळेत नातवाला पोरं त्या हेलाची नक्कल करून दाखवतात, म्हणून सुनेनं त्याला सुट्टीत पाठवणं बंद केलंय. काकू परत चतकोरावर आली होती.

त्या वर्षी संस्थेनं माझी मुदत वाढवली नाही. निरोपाचा कार्यक्रम केला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. इतके सत्कार घडवून आणले, एक माझ्याही वाट्याला आला. कार्यकारी विश्वस्त माझ्याबद्दल ‘ऑपेरा तळागाळात नेणाऱ्या’ वगैरे बोलले. संध्याकाळी घरी आले तर कार्यालयाच्या ग्रुपवर सगळ्यांचे निरोप येत होते. एका नव्या मुलीनं लिहिलं होतं, ‘मिस यू मॅम’, आणि खाली रडण्याचं स्टिकर टाकलं होतं. कापून काढलेला काकूचा चेहरा. त्या मुलीला ती कोण आहे हे ठाऊकही नसणार. बाजारात मिळतं तसं तिनं ते कुठूनतरी घेतलेलं. मी ग्रुपमधून बाहेर पडले, आणि त्याबद्दलही कुणीतरी तेच स्टिकर टाकलं असेल.

यंदा आई गेली.

पहाटे झोपेतच गेली. भावाचा फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीनं निघाले. दुपार झाली पोचायला. येरमाळ्यापासून भावाच्या मित्रानं मोटारसायकलवर आणलं. लहानपणी मयताचं घर गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचं. मी गल्लीत उतरले आणि काहीच ऐकू येईना. कुणाच्या तरी गोठ्यातली घंटा तेवढी वाजत होती. माझ्या मनात आलं, की भावाचं काहीतरी चुकलंय, आई आहे अजून, उठून बसली असेल. मी पळत सुटले.

अंगणात बाया भरलेल्या. सगळ्या तोंडात पदराचे बोळे धरून बसलेल्या, खांदे हलत होते, आवाज नाही. फाटकाशी तरणी पोरं उभी होती. कुणी शूटिंग करत होतं असंही नाही, नेहमीसारखे हातात फोन होते, इतकंच. मधोमध आई. उशाशी काकू, जिनं तिच्याबरोबर सगळा संसार भिंतीतल्या एका दारातून वाटून घेतला, ती. कोरड्या डोळ्यांनी आईच्या कपाळावरचे केस सारखे करत होती.

मी उभ्या जन्मात कधी हेल काढला नव्हता. वडील गेले तेव्हासुद्धा रुमालात रडले, शहरातल्यासारखी. त्या दिवशी तो कुठून आला माहीत नाही. “आई गं, मी आले गं, तू वाट नाही का गं बघितलीस,” असा निघाला, लांब, सुरात, माझा मलाच ओळखू न येणारा. मी थांबले. श्वास घेतला. उत्तराची वाट बघितली. अंगणातली एकही बाई उठली नाही. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, मग फाटकाकडं बघत होत्या, मग खाली.

मी परत सूर धरला आणि काकूच्या गळ्यात पडले. तिनं मला धरलं, घट्ट धरलं. तिचं काळीज धडधडताना मला लागत होतं. मला वाटलं आता तिचा आवाज येईल. तिनं आपल्या पदराचा बोळा केला, माझ्या तोंडावर दाबून धरला आणि कानाशी लागून म्हणाली,

“गप माय. गप बस. पोरांकडं मोबाईल हायत.”

आईला तशीच नेली.